दोन शेजाऱ्यांच्या सह्या

“साडी स्वतः नेसलीस की कुणी नेसवून दिली?”

मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. ना नाव विचारलं, ना गाव, ना बस म्हटलं. ती दारातच उभी होती. हातात केसपेपर, त्यावर नाव मल्लिकार्जुन शिवप्पा हंजगी, वय सव्वीस, आणि अंगावर मोरपंखी रंगाची सुती साडी.

“स्वतः,” ती म्हणाली. “निऱ्या जरा खालीवर झाल्यात. एस्टीत उभ्यानं आले.”

“रोज नेसावी लागेल. वर्षभर. घरात, कामावर, बाजारात. हौस म्हणून चार दिवस नेसणं वेगळं. झेपेल?”

“झेपेल बाई.”

“सगळे असंच म्हणतात.”

सगळे म्हणजे कोण, देव जाणे. माझ्या खोलीत अशी ती पहिलीच आली होती. पण तेव्हा माझं बोलणंच तसं होतं. सरकारी हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक म्हणून सतरा वर्षं झाली होती. भाजलेल्या सुना, बाकड्यावर सोडून दिलेले म्हातारे, दत्तक जाणारी बाळं, सगळ्यांची चौकशी माझ्याकडं. समोरचा माणूस पहिल्या वाक्याला खोटं बोलतो असं मी धरूनच चालायचे, आणि बऱ्याचदा बरोबर निघायचे. ‘आवटीबाईंच्या डोळ्यांत धूळ फेकता येत नाही’ असं शिपाईसुद्धा म्हणायचे. मला त्याचा केवढा तोरा होता!

ही २००४ सालची गोष्ट. पुरुष म्हणून जन्मलेल्या माणसाला ऑपरेशन करून बाई व्हायचं असेल तर मानसोपचार विभागाचं पत्र लागायचं. त्याशिवाय मुंबईचा सर्जन हात लावत नसे. आणि पत्र हवं तर आधी वर्षभर बाई म्हणून राहून दाखवायचं. आमचे डॉक्टर भोकरे चांगले होते, पण एकेका ओपीडीला शंभर पेशंट. ते मला म्हणाले, “आवटीबाई, हिच्यावर वर्षभर लक्ष ठेवा. शेवटी तुमचा अहवाल द्या, मी पत्रावर सही करतो.”

म्हणजे पत्राची किल्ली माझ्या हातात.

तिनं स्वतःसाठी नाव घेतलं होतं गिरिजा. मी मात्र तिला मल्लिकार्जुनच म्हणायचे. फायलीवर जे नाव तेच, असा माझा बाणा. ती जतकडच्या एका खेड्यातली. गाव सोडून इचलकरंजीला आली होती, कारण तिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं. एका गल्लीत खोली घेतली आणि वहिफणीच्या कामाला लागली. मागावर सुताचं नवं बीम चढवायचं तर आधी त्याचा एकेक धागा फणीतून ओवून घ्यावा लागतो. हजारो धागे. दोघी समोरासमोर बसतात, एक धागा देते, दुसरी बारीक आकड्यानं ओढून घेते. एक जरी चुकला तरी कापडात रेघ पडते. गिरिजाचा हात त्यात बसला होता.

महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी ती न चुकता यायची. मी प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची. बसमध्ये कुठल्या बाजूला बसतेस? कामावर पाणी प्यायला कुठं जातेस? कुणी छेड काढली तर काय करतेस? या शेवटच्या प्रश्नाला ती एकदा हसली होती. “बाकीच्या बायका करतात तेच, बाई. मान खाली घालून चालते.”

मी तेही लिहून घेतलं.

फेब्रुवारीत, अकरावा महिना संपता संपता, ती फोटो घेऊन आली. घरमालकिणीच्या हळदीकुंकवाचा. आठ-दहा बायका ओळीनं बसलेल्या, आणि त्यांत ही, कपाळावर भलंमोठं कुंकू, हातात वाण म्हणून मिळालेला प्लॅस्टिकचा डबा.

“बघा की बाई,” ती म्हणाली. “मी जातच नव्हते. होगाडेकाकूंनी हाताला धरून नेलं.”

इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. मला फोटो आवडलाही. पण आवडला म्हणून मी गप्प बसणाऱ्यातली नव्हते.

“त्यांना काय सांगितलंयस तू?”

“नवऱ्यानं टाकलेली आहे म्हणून.”

“म्हणजे खोटं.”

“खोटंच. बाईमाणूस एकटं राहतं म्हटल्यावर काहीतरी सांगावंच लागतं.”

मी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. तीन पानी, सायक्लोस्टाइल केलेला. “आता एवढं राहिलं. गृहभेट. मी तुझ्या घरी येणार, आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेणार.”

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू गेलं. “कशावर सह्या?”

“तू मूळचा पुरुष असून वर्षभर बाई म्हणून राहतेस, हे त्यांना माहीत आहे, यावर.”

“बाई, तिथं कुणालाच माहीत नाही.”

“मग तू बाई म्हणून राहतेस याला साक्षीदार कोण?”

“सगळी गल्ली आहे की!”

“त्यांना माहीतच नाही तर ते साक्ष कसली देणार?”

मला माझं बोलणं अगदी बिनतोड वाटलं. खरं तर तिला कुणी ओळखलंच नाही, यापेक्षा मोठा पुरावा कुठला असणार होता? एवढी साधी गोष्ट. ती माझ्या डोक्यात आली नाही, कारण ती फॉर्मात बसत नव्हती.

“फॉर्म माझ्याकडं द्या,” ती हळूच म्हणाली. “मी घरी नेते. सह्या घेऊन येते.”

“सह्या माझ्यासमोर व्हायला लागतात.”

“एकच महिना राहिलाय बाई. पत्र हातात पडलं की मी खोली सोडते. मग खुशाल जा, कुणालाही विचारा. पण आत्ता नको. पाया पडते.”

“बघू,” मी म्हणाले.

त्यावर तिचा विश्वास बसला असावा, कारण जाताना ती खरंच पाया पडली. फोटो मात्र माझ्या टेबलावरच राहिला. मी तो फायलीला लावला.

गृहभेटीला न कळवता जायचं, आणि माणूस घरी नसताना जायचं, म्हणजे शेजारी मोकळेपणानं बोलतात. ही माझी पद्धत. त्याच आठवड्यात गुरुवारी मी दुपारच्या एस्टीनं इचलकरंजीत उतरले. गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट. गिरिजाची खोली होगाडेकाकूंच्या माडीवर होती. काकू खाली ओट्यावर चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. साठीच्या, जाडजूड, नऊवारीतल्या. मी हॉस्पिटलचं ओळखपत्र दाखवलं.

“गिरिजा व्हय? कामावर गेलीया. तुमी कोण?”

“सरकारी हॉस्पिटलातून आलेय. थोडी चौकशी आहे.”

“नवऱ्याची भानगड हाय व्हय? सोडचिठ्ठीची?” त्यांनी चरखा थांबवला आणि मला आत नेलं. “बसा. च्या टाकते. आणि लिवा तुमी, माझ्या नावावर लिवा. असली पोरगी दिवा घिऊन हुडकली तरी घावायची न्हाई. मला गुडघ्यानं धरलं तवा पंधरा दीस माझं पाणी तिनं भरलं. माझ्या लेकीनं केलं न्हाई एवढं. त्या नवऱ्याच्या डोळ्यावर काय पट्टी हुती व्हय ओ?”

मी लिहीत होते. वागणूक, चांगली. राहणी, साधी. शेजाऱ्यांशी संबंध, जिव्हाळ्याचे. मला हवं ते सगळं मिळालं होतं. तेवढ्यावर चहा पिऊन उठले असते तर ही गोष्ट मला आज सांगावी लागली नसती.

तेवढ्यात शेजारचे धोंडिराम खोत दारात येऊन उभे राहिले. गिरिजाच्याच कारखान्यात मुकादम, आणि त्या दिवशी त्यांची सुट्टी. परकी बाई, हातात कागद, म्हणून बघायला आले. मला वाटलं, बरं झालं, दुसरी सही इथंच मिळेल.

“इथं सही करा, काकू.”

“चष्मा न्हाई. वाचून दावा की.”

मी वाचलं. मोठ्यानं वाचावं लागलं, बाहेर माग चालू होते. “आम्ही खाली सही करणारे शेजारी असे लिहून देतो की, मल्लिकार्जुन शिवप्पा हंजगी, मूळ राहणार अमुक गाव, तालुका जत, हा जन्माने पुरुष असून गेले एक वर्ष स्त्रीवेषात राहत आहे, हे आम्हांस माहीत आहे.”

“कोण मल्लिकार्जुन?” काकूंनी विचारलं.

चुकीचा कागद काढला, असं म्हणता आलं असतं. दुसरी कुठली केस आहे म्हणून कागद पिशवीत घालता आला असता. मी म्हणाले, “गिरिजा.”

काकू हसल्या. खरंच हसल्या, तोंडाला पदर लावून. मग माझ्याकडं बघितलं आणि हसणं थांबलं. चहाला उकळी येऊन तो स्टोव्हवर सांडला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

“माझ्या देवघरात आलीया ती,” त्या म्हणाल्या. एवढंच.

खोतांनी माझ्या हातातून कागद घेतला. स्वतः पहिल्या ओळीपासून वाचला, खालच्या पत्त्यासकट. पेन मागून घेतलं, ऐटीत सही ठोकली आणि निघाले. सायकल काढल्याचा आवाज मला आत ऐकू आला.

काकूंनी पेन हातात धरलं होतं. “बाई, ह्या सहीनं तिचं काय वाईट तर व्हणार न्हाई?”

“उलट,” मी म्हणाले. “तिचं काम होईल.”

मग त्यांनी सही केली. वाकडी, एकेक अक्षर सुटं. मी चारच्या एस्टीनं परत आले. फॉर्म पूर्ण भरलेला होता, एकही जागा रिकामी नव्हती, आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? चांगलं बरं वाटत होतं.

पुढचं मला गिरिजाकडूनच कळलं. पुढच्या महिन्यात ठरलेल्या सोमवारी ती आली तेव्हा आधी मी तिला ओळखलंच नाही. अंगात पुरुषाचा ढगळ शर्ट, पँट, डोकं भादरलेलं. डाव्या कानाची पाळी फाटून तिचे दोन तुकडे झाले होते. कानातलं ओढून काढलं होतं.

ती बसली. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. मी मनात त्याचीच तयारी करून बसले होते.

“खोतांनी कारखान्यात सांगितलं,” ती म्हणाली. “बायकांनीच आधी मारलं. आमच्यात बसत होतास, म्हणाल्या. मग मालकानं निरोप धाडून भावाला गावाहून बोलावून घेतलं.”

“भावाचा पत्ता त्यांना कुठून…” मी विचारलं आणि अर्ध्यात थांबले. पत्ता मीच मोठ्यानं वाचला होता.

“फॉर्म भरला का बाई?”

“भरला.”

“दोन्ही सह्या?”

“दोन्ही.”

“मग पत्र?”

मी कॅलेंडर बघितलं. काय सांगू, त्या क्षणीही मी कॅलेंडर बघितलं! वर्षाला अजून दोन दिवस बाकी होते. पण प्रश्न दोन दिवसांचा नव्हता.

“हे कपडे कधीपासून?”

“त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. भावानं साड्या जाळल्या. आज दवाखाना म्हणून सोडलंय.”

“म्हणजे तीन आठवड्यांचा खंड पडला.”

“पडला नाही बाई. पाडला.”

“ते मला कळतंय. पण वर्ष सलग लागतं. पहिल्यापासून धरावं लागेल.”

“कुठं राहून?”

उत्तर नसलं की मी जास्तच कडक व्हायचे. “ते तुझं तू बघायचं. मी नियम बदलू शकत नाही.”

“डॉक्टरांना एकदा भेटू?”

“शिबिराला गेलेत. गुरुवारी येतील.”

“गुरुवारी मला कोण सोडणार?” ती म्हणाली. तिच्या बोटाभोवती सुताचा एक धागा गुंडाळलेला होता, तो ती सोडवत होती आणि परत गुंडाळत होती. “बाई, या कपड्यांत मला श्वास घेता येत नाही. खरंच सांगते. रात्री झोपले की वाटतं, दुसऱ्याच्या मढ्यात पडलेय.”

मी केसपेपरवर लिहिलं, ‘सलग कालावधी अपूर्ण. नव्याने सुरुवात.’ ती ते उलट्या बाजूनं वाचत होती. मग उठली आणि गेली. केसपेपर टेबलावरच राहिला. मी मागून हाक मारली, केसपेपर विसरलीस म्हणून. तिनं वळून बघितलं नाही.

अकराव्या दिवशी सर्जिकल वॉर्डमधून निरोप आला. नातेवाईक शोधून द्या, बेवारस पेशंट आहे. नातेवाईक शोधणं हेही माझंच काम. पुरुषांचा वॉर्ड. खाट क्रमांक एकोणीस. त्यावर गिरिजा. बघायला गर्दी होऊ नये म्हणून सिस्टरनं खाटेच्या दोन्ही बाजूंना चादरी बांधल्या होत्या, तरी लोक चादर उचलून डोकावत होते.

कुठल्याशा गावात पत्राबित्राशिवाय हे कापाकापीचं काम करून देणारं कुणीतरी होतं. दाई होती की आणखी कोण, शेवटपर्यंत कळलं नाही. चार दिवस ती तापानं फणफणत कुठंतरी पडून राहिली आणि मग एस्टी स्टँडवर लोकांना सापडली. विष सगळ्या अंगात भिनलं होतं. वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर म्हणाला, आधी आणलं असतं तर बघता आलं असतं.

मी चादरीच्या आत गेले. तिनं डोळे उघडले. ओळखलं.

“बाई, आता पत्राची घाई करू नका,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा, एस्टी चुकली म्हणून सांगावं तसा. “आता काम राहिलं नाही.”

मी तिचा हात धरला. पहिल्यांदाच. “गिरिजा,” मी म्हणाले. तेही पहिल्यांदाच. तिला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

भावाला फोन केला. “आमचं असं कुणी नाही,” म्हणाला आणि ठेवून दिला. डॉक्टर भोकरे फाईल चाळत होते. हळदीकुंकवाच्या फोटोवर थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “अकरा महिने म्हणजे झालंच होतं की. पत्र का नाही केलंत? मी डोळे झाकून सही केली असती.”

“वर्ष सलग लागतं, सर.”

“अहो, तो अंदाज आहे. कॅलेंडर घेऊन थोडंच बसायचं असतं?”

मी त्यांच्या हातातून फाईल घेतली.

शेवटी इचलकरंजीतल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन लावला आणि होगाडेकाकूंना निरोप द्यायला सांगितला. येतील असं वाटलं नव्हतं. तीन तासांत आल्या. हातात पिशवी, पिशवीत एक कोरी साडी. हिरवी.

“खोलीतनं मीच भाईर काढली तिला,” त्या शवागाराच्या दारात म्हणाल्या. “ट्रंक रस्त्यावर टाकली. ती जिन्यात बसून म्हनत हुती, काकू, रातच्याला कुठं जाऊ? म्या दार लावून घेतलं.” त्यांना धाप लागली होती. “आता मला तिला साडी नेसवू द्या. तुमच्या कागदात बसत नसलं तरी.”

कागदावर ‘पुरुष’ लिहिलं होतं. मी शिपायाला बाजूला व्हायला सांगितलं. काकू आत गेल्या. मी बाहेर थांबले. आत जायची हिंमत झाली नाही, हे सरळ सांगते.

अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या. पदरानं हात पुसले. मला वाटलं, आता शिव्या देतील. मला त्या हव्याच होत्या.

“बाई, एक इचारू?” त्या म्हणाल्या. “तुमी आला नसता तर मला जन्मात कळलं नसतं. आनि न कळून माझं काय बिघडत हुतं ओ?”

मी खाली मान घालून उभी राहिले.

त्याला आता वीस वर्षं होतील. मी निवृत्त होऊन दहा झाली. गेल्या वर्षी जिल्ह्यात डॉक्टर-नर्सेसचं एक प्रशिक्षण होतं, तृतीयपंथी आणि लिंगबदल करू पाहणाऱ्या लोकांना कसं वागवायचं यावर. जुनी माणसं असावीत म्हणून मलाही बोलावलं. डॉक्टर तन्वी लाटकर नावाची तिशीतली मुलगी शिकवत होती. चटपटीत, हसतमुख. म्हणाली, आता कुणाला वर्षभर साडी नेसून दाखवायला सांगत नाहीत. तसलं राहून काही सिद्ध होतं, याला पुरावाच नव्हता. आता माणसाला विचारतात, समजावून सांगतात, आणि त्याची संमती घेतात. झालं.

झालं! मी वहीत लिहून घेतलं. सवय.

मग तिनं पडद्यावर एक जुना फॉर्म दाखवला. तीन पानी. नावं काळी केलेली. “आणि हा बघा आपल्याच भागातला नमुना,” ती म्हणाली. “शेजाऱ्यांचा जबाब! दोन सह्या! वर्षभर राहायची अट तरी तेव्हाच्या नियमांत होती. पण हे कुठल्याच नियमात कधीच नव्हतं. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?”

हॉल हसला.

माझ्या डोक्यातून निघालं होतं. भोकरेसाहेबांनी नुसता अहवाल मागितला होता. फॉर्म मी बनवला. दत्तक बाळाच्या चौकशीचा फॉर्म समोर ठेवून, मुलाच्या जागी पेशंट घालून, एका रविवारी घरी बसून. दत्तकाला शेजाऱ्यांचा जबाब लागतो, म्हणून इथंही घातला. कुणी सांगितलं नव्हतं. मला तो पक्का वाटला, बस.

आणि गिरिजा गेल्यावर मी काय केलं? गृहभेटी बंद केल्या. फॉर्म पेशंटच्या हातात द्यायला लागले, “घरून भरून आण” म्हणून. पण तो रकाना काढला नाही. काढला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का काढला? मग सांगावं लागलं असतं. मी निवृत्त होईपर्यंत तो तसाच होता. निरोपसमारंभात माझ्या ‘काटेकोर फॉर्म’चं कौतुक झालं, आणि मी ते ऐकून घेतलं.

मी हॉलमध्ये उठून उभी राहिले नाही. हे लिहितानाही स्वतःची लाज वाटते.

चहाच्या वेळी पुढच्या रांगेतली एक बाई माझ्याकडं आली. पंचेचाळिशीची, कॉटनची साडी, गळ्यात चष्म्याची दोरी. “आवटीबाई ना? मी रेवती. माझं पत्र तुम्हीच केलं होतं, २००९ साली.”

चेहरा मला आठवत नव्हता. तरी मी हो म्हटलं. आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, “तुझ्या फॉर्मवर सह्या कुणाच्या होत्या गं?”

ती हसली. “माझ्याच. एक उजव्या हातानं, एक डाव्या. तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत. आम्ही सगळ्या तेच करायचो. नवी कुणी आली की तिला आधीच सांगून ठेवायचो, बाई दिसतात कडक, पण सह्यांचं विचारत नाहीत. फॉर्म घरी न्यायचा, आपणच भरायचा, शेजारीपाजारी कुणाला कळू द्यायचं नाही. फार उपकार झाले तुमचे.”

ती वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. मी चटकन मागं सरले, कपातला चहा तिच्या साडीवर सांडला.

“तुझ्याआधी एक होती,” मी म्हणाले. “गिरिजा. सगळ्यांत पहिली. माहीत आहे तुला?”

“नाही बाई.” ती पदर झटकत होती. “पण तिनंही तसंच केलं असेल की.”

“नाही. तिनं मागितला होता फॉर्म, घरी न्यायला,” मी म्हणाले. “मी दिला नाही.”